लघवीत जंतू निघाले, पण त्रास काहीच नाही: इंजेक्शन घ्यायचं का?

पत्र:

«माझ्या सासूबाई ७१ वर्षांच्या आहेत. १४ वर्षांपासून डायबेटिस आहे. मार्चमध्ये घरी येऊन सँपल नेणाऱ्या लॅबचं तपासणीचं पॅकेज केलं. लघवीच्या रिपोर्टमध्ये पस सेल्स १०-१२, बॅक्टेरिया आणि शुगर चार प्लस आली. डॉक्टरांनी पाच दिवस अँटिबायोटिक दिलं. पुन्हा तपासलं तर पस सेल्स ८-१०. मग कल्चर केलं, त्यात ई. कोलाय एक लाखाच्या वर. दुसरं अँटिबायोटिक झालं. त्याने जुलाब लागले, तोंडाची चव गेली. आता तिसऱ्या कल्चरमध्येही तेच जंतू आहेत आणि बरीच औषधं त्यावर चालत नाहीत असं लिहिलंय. सात दिवस अमिकासिनची इंजेक्शनं घ्या असं सांगितलं आहे. आईंना जळजळ नाही, ताप नाही, काहीच नाही. माझ्या मिस्टरांनी ऑनलाइन लघवीच्या पट्ट्या मागवल्या, ते रोज सकाळी बाथरूममध्ये रंग बघतात. प्रोटीन कधी दिसतं, कधी नाही. शुगर मात्र रोज गडद, आणि ग्लुकोमीटरवर उपाशीपोटी १२५-१३०. खरं कुणाचं? आईंनी धसका घेतलाय, किडनी गेली असंच त्या धरून बसल्यात. नणंद म्हणतात धने-जिऱ्याचं पाणी द्या. पाच महिन्यांपासून त्या मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड आणि डापाग्लिफ्लोझिन घेतात. इंजेक्शनं सुरू करू का?»

एक सून, कराड

उत्तर:

पत्रात सगळ्या गोळ्यांची नावं दिलीत हे फार चांगलं केलंत. त्यातल्या एका नावात तुमच्या निम्म्या प्रश्नांचं उत्तर आहे. पण आधी इंजेक्शनचं बोलू, कारण ते थांबण्यासारखं नाही.

मी सासूबाईंना तपासलेलं नाही, त्यामुळे इथे बसून एखादं औषध बंद करा असं मी लिहिणार नाही. मात्र इंजेक्शन सुरू करण्याआधी डॉक्टरांकडे जाऊन एक गोष्ट स्पष्ट विचारा: «आईंना लघवीचा कसलाही त्रास नाही. मग हे औषध कशासाठी?» कदाचित त्यांच्यापर्यंत फक्त रिपोर्टच पोहोचला असेल. व्हॉट्सॲपवर रिपोर्ट पाठवायचा आणि उत्तरात औषधाचं नाव मिळवायचं, हा प्रकार आता घरोघरी झालाय. त्यात पेशंट कुठेच नसतो. सासूबाईंना बरोबर घेऊन जा.

लघवीत जंतू असणं आणि लघवीचा संसर्ग होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वय वाढलं की, विशेषतः पाळी गेल्यानंतर, पुष्कळ बायकांच्या मूत्राशयात जंतू कायमचे राहायला येतात आणि काही त्रास न देता राहतात. डायबेटिस असेल तर हे प्रमाण आणखी जास्त. वृद्धांच्या काळजीगृहांत राहणाऱ्या स्त्रियांमध्ये तर पाव ते निम्म्या जणींच्या लघवीत असे जंतू सापडतात. त्यांच्यासोबत थोडे पस सेल्सही दिसतात. पस सेल्स म्हणजे पांढऱ्या पेशी. त्या दिसल्या म्हणजे आत पू झालाय असं नाही, पण नावामुळे माणूस घाबरतो.

आता तो एक लाखाचा आकडा. कल्चर म्हणजे लघवीतले जंतू लॅबमध्ये वाढवून बघणं. एक मिलिलिटर लघवीत एक लाख किंवा जास्त जंतू वाढले तर कल्चर पॉझिटिव्ह धरायचं, हा दंडक १९५० च्या दशकात एडवर्ड कास या अमेरिकन डॉक्टरांच्या कामातून आला. सँपल घेताना कातडीवरून डबीत पडलेले जंतू आणि मूत्राशयात खरोखर वाढणारे जंतू यांतला फरक ओळखायला तो उपयोगी पडतो. त्या जंतूंनी माणूस आजारी आहे की नाही, हे तो आकडा सांगत नाही. ते पेशंटनेच सांगायचं असतं, आणि तुमच्या सासूबाई सांगताहेत की त्यांना काही होत नाही. हा पुरावा कल्चरच्या कागदाइतकाच वजनदार आहे.

मग डायबेटिस आहे म्हणून खबरदारीसाठी औषध द्यावं का? हा प्रश्न विचारून झालेला आहे. २००२ साली कॅनडातल्या संशोधकांनी याच स्थितीतल्या १०५ मधुमेही स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. लघवीत जंतू होते, त्रास नव्हता. काहींना अँटिबायोटिक दिलं, काहींना नाही, आणि पुढे तीन वर्षांपर्यंत लक्ष ठेवलं. औषध घेतलेल्यांना पुढचे संसर्ग कमी झाले नाहीत. त्यांच्या वाट्याला अँटिबायोटिकचे दिवस मात्र कितीतरी जास्त आले. इन्फेक्शियस डिसीजेस सोसायटी ऑफ अमेरिका या तज्ज्ञांच्या संस्थेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात: त्रास नसलेल्या मधुमेही किंवा वयस्क स्त्रीच्या लघवीत जंतू आहेत का हे शोधत बसू नये, आणि सापडले तर औषध देऊ नये. गरोदर स्त्रिया आणि मूत्रमार्गात जखम होऊ शकेल अशी शस्त्रक्रिया ठरलेले पेशंट हे ठळक अपवाद. त्यांच्या बाबतीत तपासायचंही असतं आणि उपचारही करायचा असतो.

औषधाने निदान वाईट तरी काय होणार, असं वाटू शकतं. वाईट होतंय, ते तुम्हीच लिहिलंय. जुलाब लागले, चव गेली. आणि पहिल्या दोन औषधांनंतर जे जंतू उरले ते त्या औषधांना न जुमानणारे उरले. तिसऱ्या कल्चरमध्ये «रेझिस्टंट»ची रांग दिसते ती बहुधा यामुळेच. उद्या सासूबाईंना खरोखर संसर्ग झाला तर हाताशी औषधं कमी असतील. अमिकासिन हे गरजेच्या वेळी जीव वाचवणारं इंजेक्शन आहे, पण ते किडनीला आणि कानांना इजा करू शकतं. १४ वर्षांचा डायबेटिस असलेल्या ७१ वर्षांच्या बाईला ते द्यायचं तर त्यामागे तसंच भक्कम कारण हवं. लघवीत दिसलेले पस सेल्स हे ते कारण नाही. जाता जाता आणखी एक: दुसरं अँटिबायोटिक सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिन असेल तर डॉक्टरांना तसं सांगून ठेवा. ग्लिमेपिराइड घेणाऱ्यांची साखर या गटातल्या औषधांनी अचानक उतरू शकते.

त्रास म्हणजे नेमकं काय, हे सासूबाईंशी मोकळेपणाने बोला. आपल्याकडे त्या वयाच्या बायका लघवीबद्दल मुलाशी बोलत नाहीत, सुनेशी बोलतील. उन्हाळी लागल्यासारखी जळजळ, सारखं आणि घाईने जावं लागणं, ओटीपोटात दुखणं, लघवीत रक्त, यांतलं काही नव्याने सुरू झालं तर तो त्रास. लघवीला वास येतो किंवा ती गढूळ दिसते एवढ्यावरून संसर्ग ठरत नाही. पण थंडी वाजून ताप आला, कुशीत किंवा पाठीत बरगडीखाली दुखू लागलं, उलट्या होऊ लागल्या, लघवी तुंबली, किंवा त्या अचानक असंबद्ध बोलू लागल्या, तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या. असंबद्ध बोलणं दिसलं तर तिथल्या तिथे ग्लुकोमीटरवर साखर बघा. दरवेळी दोष लघवीचा नसतो, साखर उतरल्यावरही माणूस असाच वागतो.

आता सँपलबद्दल जरा सविस्तर लिहिते. इतकी वर्षं लॅबमध्ये बसून मी पाहते आहे की लघवीचा रिपोर्ट मशीनपेक्षा जास्त वेळा डबीतच बिघडतो.

घरी येणारा मुलगा सकाळी साडेसहाला रक्त काढतो, डबी घेतो आणि पुढच्या पाच-सहा घरी जातो. बॅग लॅबमध्ये पोहोचेपर्यंत दहा-अकरा वाजतात. उन्हाळ्यात बाइकच्या डिकीत त्या डबीत काय चालतं? रात्री भिजवून वाटलेलं डोशाचं पीठ उबेला ठेवल्यावर जे होतं तेच. डबीत पडलेले चार जंतू वाढत जातात, पेशी फुटतात, रसायनं बदलतात. त्यामुळे लघवी रुटीनसाठी एक-दोन तासांत तपासली जावी. तेवढ्यात पोहोचणार नसेल तर डबी फ्रिजमध्ये किंवा बर्फाच्या पिशवीसोबत हवी. कल्चरचं सँपल फ्रिजमध्ये २४ तासांपर्यंत चालतं, बाहेर ठेवलेलं नाही. बोरिक ॲसिड घातलेल्या डब्याही कल्चरसाठी मिळतात, लांबच्या लॅबला पाठवायचं असेल तर त्या मागा.

आणि डबी भरायची पद्धत. सासूबाईंना कुणी कधी नीट सांगितलं असेल असं मला वाटत नाही, कारण फारच थोड्या ठिकाणी सांगतात. हात साबणाने धुवायचे. जागा साध्या पाण्याने पुढून मागे अशी धुऊन पुसायची, डेटॉल-बिटॉल नको. बसल्यावर एका हाताने बाजूची कातडी दूर धरायची, पहिली धार संडासात जाऊ द्यायची, आणि मधली धार डबीत घ्यायची. शेवटची पुन्हा संडासात. झाकण हातात आतली बाजू वर करून धरायचं किंवा स्वच्छ जागी उलटं ठेवायचं, आत बोट लावायचं नाही. गुडघे दुखत असतील तर भारतीय संडासात हे एकटीने जमत नाही, तेव्हा तुम्ही सोबत उभ्या राहा किंवा कमोडवर बसवा. आदल्या रात्री घरच्या बरणीत घेऊन ठेवलेली लघवी चालत नाही, बरणी कितीही स्वच्छ धुतलेली असो.

रिपोर्टमध्ये «एपिथेलियल सेल्स» अशी ओळ असते. तिच्याकडे कुणी बघत नाही, मी आधी तिकडेच बघते. या पेशी बाहेरच्या कातडीवरून येतात. त्या भरपूर असतील, किंवा कल्चरमध्ये एकाच वेळी तीन-चार जातींचे जंतू उगवले असतील, तर सँपल बाहेरून दूषित झालंय. त्यावर औषध सुरू करायचं नसतं, गरज असेल तर सँपल पुन्हा घ्यायचं असतं. तुमचा मार्चचा रिपोर्ट काढून ही ओळ वाचा. तिसऱ्या कल्चरमध्ये एकच जंतू पुन्हा आलाय, तेव्हा तो मूत्राशयातला असावा. पण पहिल्या अँटिबायोटिकचं कारण ठरलेले ते १०-१२ पस सेल्स कुठले होते, हे ती ओळ बरंच सांगेल. आणखी दोन ओळी तपासा. सगळ्या रिपोर्टमध्ये आरबीसी, म्हणजे तांबड्या पेशी, सतत दिसत असतील तर त्याचं कारण शोधावं लागतं, ते सोडून देऊ नका. तसंच पस सेल्स आहेत पण कल्चरमध्ये काहीच उगवत नाही असं वारंवार झालं, तर मूतखडा आणि आपल्या देशात क्षयरोगसुद्धा डोक्यात ठेवावा लागतो. सासूबाईंचं चित्र तसं दिसत नाही.

आता शुगर चार प्लस. हे डापाग्लिफ्लोझिनचं काम आहे, आणि ते त्याने चोख केलंय. किडनी रक्तातली साखर गाळते आणि जवळजवळ सगळी परत आत घेते. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली तरच ती लघवीत उतरते. ही गोळी साखर परत आत घेण्याची वाट अडवते. त्यामुळे रक्तात १२५ असताना लघवीत चार प्लस दिसणं अगदी अपेक्षित आहे. ग्लुकोमीटरही खरा, पट्टीही खरी. ही गोळी चालू असेपर्यंत लघवीतल्या साखरेवरून डायबेटिसचा काहीच अंदाज बांधायचा नाही. आणि कृपा करून शुगर दिसते म्हणून ही गोळी परस्पर बंद करू नका. याच गटातल्या गोळ्या किडनीचं नुकसान कमी करतात हे मोठ्या अभ्यासांत सिद्ध झालेलं आहे. लॅबमध्ये डबी देताना मात्र «डापाग्लिफ्लोझिन चालू» असं फॉर्मवर लिहा.

या गोळीबाबत दोन खबरदाऱ्या हव्यात. लघवीत साखर असल्याने त्या जागी बुरशीची खाज येऊ शकते. सासूबाई संकोचाने सांगणार नाहीत, तुम्ही विचारा. दुसरी जास्त महत्त्वाची: उलट्या-जुलाब होत असतील, जेवण जात नसेल, ऑपरेशन ठरलं असेल किंवा एकादशीचा निर्जळी उपवास करायचा असेल, तर गोळी चालू ठेवायची का हे डॉक्टरांना आधी विचारायचं. अशा वेळी रक्तातली साखर फारशी न वाढताही कीटोन, म्हणजे शरीर चरबी जाळतं तेव्हा तयार होणारी आम्लं, वाढून माणूस गंभीर आजारी पडू शकतो. दुसऱ्या अँटिबायोटिकने जुलाब लागले तेव्हा हे कुणी सांगितलं होतं का?

पट्ट्यांचं म्हणाल तर मिस्टरांची काळजी मला समजते. बारावीच्या प्रॅक्टिकलला बेनेडिक्टचं निळं द्रावण आणि लघवी उकळून हिरवा, पिवळा, विटकरी रंग बघितलेला असेल. एके काळी डायबेटिसचे पेशंट घरीही तसंच करत. १९५६ मध्ये हेलन आणि आल्फ्रेड फ्री या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ दांपत्याच्या संशोधनातून क्लिनिस्टिक्स ही नुसती बुडवून साखर दाखवणारी पट्टी बाजारात आली आणि तो व्याप संपला. त्या काळी घरी रक्त तपासता येत नव्हतं, म्हणून ती मोठी सोय होती. आज तुमच्या घरी ग्लुकोमीटर आहे. पट्टीवर साखरेचा चौकोन अजूनही आहे, पण सासूबाईंना त्याचा उपयोग उरलेला नाही.

बाकीच्या चौकोनांचंही ऐका. पट्टीचा पस सेल्सचा चौकोन त्या पेशींतलं एक एन्झाइम ओळखतो. नायट्राइटचा चौकोन जंतूंनी तयार केलेलं रसायन ओळखतो, आणि त्यासाठी लघवी मूत्राशयात काही तास साठलेली असावी लागते. सासूबाईंच्या मूत्राशयात जंतू आहेतच, तेव्हा हे दोन्ही चौकोन रोज रंगतील आणि रोज घर घाबरेल. त्यातून नवं काहीच कळणार नाही. प्रोटीनचा चौकोन कधी रंगतो कधी नाही, कारण तो लघवी किती दाट आहे यावर हलतो. सकाळची दाट लघवी असेल तर खूण दिसते, दोन ग्लास पाणी प्यायल्यावर जाते. शिवाय प्रत्येक चौकोन ठरलेल्या सेकंदाला वाचायचा असतो: पुष्कळ पट्ट्यांवर साखर ३० सेकंदांना, प्रोटीन ६० ला, पस सेल्स १२० ला. पाच मिनिटांनी बघितलेला रंग हा रिपोर्ट नव्हे. पिवळ्या बल्बखाली तर मुळीच बघू नये. आणि बाटली बाथरूममध्ये ठेवली असेल तर आजच बाहेर काढा. दमट हवेने पट्ट्या बिघडतात, झाकण उघडं राहिलं की आणखी लवकर. व्हिटॅमिन सीच्या गोळ्या चालू असतील तर रक्ताचा चौकोन रंगायचा तो रंगत नाही. माझं मत विचाराल तर रोजची तपासणी बंद करा. पट्ट्या फेकायची गरज नाही, पण डॉक्टर विचारतील तेव्हाच वापरा.

धने-जिऱ्याचं पाणी खुशाल द्या, फक्त त्यात खडीसाखर नको. त्याने जंतू जाणार नाहीत, पण पाणी पोटात जाईल, आणि डापाग्लिफ्लोझिनने लघवी जास्त होत असल्याने ते लागतंच. हृदयविकारामुळे पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल तर त्या मापातच.

लॅब कुठली धरायची, तर पुढची प्रत्येक तपासणी एकाच लॅबमध्ये करा, म्हणजे आकडे एकमेकांशी ताडता येतील. रिपोर्टखाली पॅथॉलॉजिस्टची सही आणि नोंदणी क्रमांक आहे का बघा. लॅबच्या रिपोर्टवर पॅथॉलॉजीतला पदव्युत्तर शिक्षण घेतलेला नोंदणीकृत डॉक्टर सही करेल, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये स्पष्ट केलेलं आहे. एनएबीएलची, म्हणजे लॅबचा दर्जा तपासणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, मान्यता असेल तर उत्तमच.

तुमच्या पत्रातली जी गोष्ट मला सगळ्यांत जास्त खटकली ती शेवटी लिहिते, कारण तिच्यासाठी तुम्हाला आता काहीतरी करायचं आहे. मार्चपासून सासूबाईंची लघवी किती वेळा तपासली गेली, आणि त्यांच्या किडनीबद्दल विचारणारी तपासणी त्यात एकदाही नाही. सगळं घर किडनीच्या भीतीत आहे आणि किडनीला कुणी विचारलेलंच नाही.

त्या तपासणीचं नाव एसीआर, म्हणजे लघवीतल्या अल्ब्युमिन या प्रोटीनचं क्रिएटिनिन या टाकाऊ पदार्थाशी प्रमाण. काही लॅब तिला मायक्रोअल्ब्युमिन म्हणतात. डायबेटिसने किडनीला इजा होऊ लागली की आधी अगदी थोडं अल्ब्युमिन गळतं, इतकं थोडं की पट्टीला किंवा रुटीनला ते दिसत नाही. क्रिएटिनिनशी भागाकार केल्याने लघवी दाट आहे की पातळ हा घोळही मिटतो. टाइप २ डायबेटिस असलेल्या प्रत्येकाची ही तपासणी निदान झाल्यापासून वर्षातून एकदा व्हायला हवी, सोबत रक्तातलं क्रिएटिनिन आणि त्यावरून काढलेला ईजीएफआर, म्हणजे किडनी किती गाळते याचा अंदाज. तुमच्या पॅकेजमध्ये क्रिएटिनिन असेलच, शेजारी ईजीएफआर छापलाय का बघा. नसेल तर डॉक्टर वय घालून काढून देतील.

एसीआरसाठी सकाळची पहिली लघवी द्या. ताप असताना, जोराचा व्यायाम किंवा खूप दगदग झाल्यावर, किंवा लघवीचा खरा संसर्ग चालू असताना देऊ नका, आकडा खोटा वाढतो. उत्तर मिलिग्रॅम प्रति ग्रॅममध्ये येईल. ३० च्या आत असेल तर ठीक, पुढच्या वर्षी पुन्हा. ३० ते ३०० मध्ये आला तर त्या एका आकड्यावर किडनी खराब झाली असं कुणी ठरवू नये. तीन ते सहा महिन्यांत तीनदा तपासून त्यांतले दोन वाढलेले असतील तरच ते धरायचं, आणि तेव्हा करण्यासारखं पुष्कळ असतं: रक्तदाब ताब्यात आणणं, अल्ब्युमिन कमी करणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या, साखर, आणि ती डापाग्लिफ्लोझिन, जी त्या आधीच घेताहेत. ३०० च्या वर आला तर महिनोन्महिने थांबू नका, किडनीच्या डॉक्टरांना दाखवा. इंजेक्शनबद्दल विचारायला जाल त्याच भेटीत एसीआर चिठ्ठीवर लिहून घ्या, आणि गोळ्यांची यादी, तिन्ही कल्चर आणि मार्चचा मूळ रिपोर्ट सोबत न्या.